आबांची उघडी बंदूक

आधी आबांचं नाव घेतो. काय झालं ते मग सांगतो, कारण सांगायला लागलो की माझं भान सुटतं, आणि ज्याच्यामुळं सगळं निभावलं त्याचं नाव शेवटी घाईघाईत येतं. आज मी रांजणगावला कंपनीत पहिल्या शिफ्टला जातो, गळ्यात फोटोचं कार्ड घालतो, शिरूरहून कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरतो, ते आबांमुळं. आबा माझे कोणी लागत नाहीत. मी किनवटच्या पलीकडचा, तेलंगणाच्या हद्दीवरचा, आठवीनंतर शाळा सुटलेला. ते घोड नदीच्या काठावरच्या एका गावातले. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी दीड वर्ष राहिलो, एवढंच आमचं नातं. आणि मध्ये एक बंदूक.

बंदूक बारा बोरची, दोन नळ्यांची. आबा ती खांद्यावर आडवी अडकवून सायकलवरून फिरायचे. उघडी. भर दिवसा, भर रस्त्यावरून, रोज!

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि पळालो. गावातल्या गुऱ्हाळावर काम आहे म्हणून कुणी सांगितलं होतं, तर मी फाट्यावर उतरून चालत निघालो होतो. दोन्ही बाजूंना माझ्या दुप्पट उंचीचा ऊस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागून घंटी वाजली. वळून बघतो तर काळी दांड्याची सायकल, तिच्यावर हेल्मेट घातलेला म्हातारा, आणि त्याच्या खांद्यामागून वर आलेल्या दोन नळ्या!

“ए, थांब!” म्हातारा ओरडला.

मी थांबतोय कशाला? पिशवी छातीशी धरली आणि सरळ उसात शिरलो.

“आरं बाहेर ये! त्यात बिबट्या हाय!”

“तुमच्याकडं बंदूक आहे!” मी आतून ओरडलो.

“बंदुकीला परवाना हाय. बिबट्याला हाय का? ये बाहेर!”

हे बोलणं मला त्या घाबरलेल्या अवस्थेतही पटलं. मी बाहेर आलो. पाचटानं हात कापलेले, तोंडावर धूळ. म्हाताऱ्यानं शांतपणे सायकल स्टँडला लावली, हँडलला अडकवलेला माझा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. तो मागं फाट्यावर पडला होता. तेवढ्यासाठी ते मला हाका मारत आले होते.

मग त्यांनी गळ्यातलं प्लॅस्टिकचं पाकीट पुढं केलं. आत परवान्याची झेरॉक्स. “वाच.”

मी वरची ओळ वाचली आणि मान हलवली.

“समदं वाच. मागची बाजू ऱ्हायली.”

मी मागची बाजूही वाचली. तेव्हा कुठं त्यांनी विचारलं, “कुठला रं तू? जेवलायस का?”

आबांचं हे असं होतं. पोटाचं नंतर, कागदाचं आधी.

नोकरी त्यांची शेजारच्या मोठ्या गावातल्या एका पतसंस्थेत, दारावरचे राखणदार. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा. सकाळी बरोबर नऊला निघायचे. पायजम्याला क्लिपा, डोक्याला हेल्मेट. सायकलला हेल्मेट कशाला, असं विचारलं की म्हणायचे, “डोकं सायकलचं हाय का माझं?” दोन्ही नळ्यांच्या तोंडात लाल फडक्याचे बोळे घातलेले असायचे, म्हणजे समोरच्याला लांबूनच कळावं की आत काही नाही. काडतुसं वेगळी, साबणाच्या डबीत, आणि ती डबी कोटाच्या आतल्या खिशात. वळण आलं की हात बाहेर काढून दाखवायचे, मागं कुणी नसलं तरी. बंदूक खांद्यावरून उतरवायची तर आधी सायकल स्टँडला, मग बंदूक. कुठं टेकवून ठेवायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही. वाटेत लघवीला थांबले तर एखाद्याला बोलवून सायकल धरायला लावायचे. बंदूक मात्र खांद्यावरच.

मोटारसायकलवर ते कधी बसले नाहीत. कुणी सोडतो म्हटलं तर म्हणायचे, “ज्याला पेट्रोल लागतं ते ऐन टायमाला दगा देतं. माझं इंजिन भाकरीवर चालतं.”

सायकलवर बंदूक अशी उघडी चालते का, हा आमच्या गावातला कायमचा विषय होता. सलूनात दाढी अर्धी राहायची आणि ह्यावर भांडण लागायचं. एकजण म्हणायचा, सायकलवर न्यायला वेगळा परवाना लागतो. दुसरा म्हणायचा, परवाना असला की हत्तीवरून न्या. सलूनवाल्यानं एकदा निकालच दिला, “सायकलला लायसन लागत न्हाई, बंदुकीला लागतं. दोघांचं मिळून अर्धं लागत आसंल!” सगळं सलून हसलं. आबा खुर्चीतच बसले होते, फेस लावलेले. ते हसले नाहीत. फेसासकट उठले, कोटाच्या खिशातून एक पुस्तक काढलं, पानं पिवळी पडलेली, आणि शस्त्रांच्या कायद्यातली तीन पानं उभ्यानं वाचून दाखवली. फेस वाळला.

त्यांना मुळात झाकण्याचाच राग होता. “झाकून न्यायला ती काय चोरीची हाय का?” म्हणायचे. “माणूस घाबरतो कवा? आत काय हाय ते दिसत न्हाई तवा. माझी दिसती. बोळं दिसत्यात. परवाना गळ्यात हाय. घाबरायचं काय काम?” मी पहिल्या दिवशी उसात पळालो होतो हे त्यांना आठवण करून द्यायचं माझं धाडस कधी झालं नाही.

आजी, म्हणजे आबांची बायको, चुलीपुढून टोमणे मारायची. “बंदुकीला रोज तेल. माझं गुडघं कुरकुरत्यात ते ऐकू येत न्हाई.”

“तिचं नूतनीकरण करायला लागतं,” आबा चिंधीनं नळी पुसत म्हणायचे. “तुझं कायमचं हाय.”

“मग कायमची मीच दारावर उभी ऱ्हाते. चोर मला बघून जास्त पळंल.”

आणि चिठ्ठ्या! आबा प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी द्यायचे. पावसाळ्यात मी त्यांची छत्री मागितली तर छत्रीबरोबर चिठ्ठी आली: ‘सदर तरुणास माझी छत्री वापरण्यास मुभा आहे. छत्री काळी असून एक काडी वाकडी आहे. ती आधीच वाकडी होती.’ खाली सही, वेळ. शेजाऱ्याला शिडी दिली तरी चिठ्ठी. मला आधी वाटायचं, म्हातारं गमतीदार आहे. मग कळलं की गंमत नाही. बोललेलं माणूस फिरवतं, लिहिलेलं फिरवता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतः लिहिलेलं त्यांनी कधी खोडलं नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायचे: ‘वरील चूक माझी.’

कागदाच्या बाबतीत माझंही एक वेड होतं, पण ते भीतीचं. इकडं येताना एसटीच्या टपावर माझी पिशवी भिजली आणि शाळा सोडल्याचा दाखला लगदा झाला. दुसरा मिळवायला मला किती हेलपाटे पडले ते माझं मला ठाऊक. तेव्हापासून माझा नियम: मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही. फोनमध्ये फोटो काढायचा आणि कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. आजी तो डबा तिच्या पिठाच्या पिंपामागं ठेवायची. हा नियम मला शहाणपणाचा वाटायचा. ह्याच नियमानं मी जवळजवळ तुरुंगात गेलो.

गुऱ्हाळाचं काम हंगामी. रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत जागा निघाली, आठवी चालत होती. एकच अट, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. अर्ज आबांनी माझ्याशेजारी बसून भरून घेतला. ‘आपल्याविरुद्ध कोठे गुन्हा दाखल आहे काय?’ ह्या ओळीपुढं ‘नाही’ लिहायचं होतं. आबांनी आधी कोऱ्या कागदावर तीन वेळा ‘नाही’ लिहून घेतलं. “न वर मात्रा नको, काना दे. ह्या एका शब्दावर तुझी नोकरी हाय.”

अर्ज गेला. मी वाट बघायला लागलो. रोज रात्री डोळे मिटले की त्या ‘नाही’च्या जागी कुणीतरी ‘आहे’ लिहितंय असं दिसायचं.

त्याच दिवसांत आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, आठ दिवस सायकल नाही, धूळ नाही, वजन नाही. आणि नेमकी तेव्हाच बंदुकीच्या एका घोड्याची स्प्रिंग तुटली. सोमवारी नूतनीकरणासाठी बंदूक पोलिसांना दाखवायची होती. मोडकी बंदूक कशी दाखवणार? दुरुस्ती करणारे एक चाचा दौंडला होते, आमच्या गावापासून वीस-बावीस किलोमीटरवर.

शनिवारी सकाळी आबांनी मला बोलावलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा माझ्यावर. बंदूक खाटेवर ठेवलेली. नळ्यांतले बोळे त्यांनी बोटानं दाबून बघितले. मग म्हणाले, “तू नेशील का रं?”

माझी छाती फुगली! ह्या माणसानं लघवीला जाताना कुणाच्या हातात बंदूक दिली नव्हती. मी म्हटलं, “नेतो, आबा.”

त्यांनी चिठ्ठी लिहिली. परवान्याची झेरॉक्स माझ्या गळ्यात घातली. काडतुसांची डबी स्वतःकडं ठेवली. “चिठ्ठी संगं ठेव. परवाना माझ्या नावाचा हाय, तुझ्या न्हाई. मालकाच्या लेखी परवानगीनं दुरुस्तीला नेता येती, आसं कायद्यात लिवलंय. तोंडी परवानगीला कुत्रं इचारत न्हाई.”

“हो आबा,” मी म्हटलं. खोलीत आलो, चिठ्ठीचा फोटो काढला आणि मूळ चिठ्ठी आजीच्या पिंपामागच्या डब्यात ठेवून दिली. इतका महत्त्वाचा कागद मी बाहेर कसा नेणार?

आबांचीच काळी सायकल घेतली. जाताना कालव्याच्या कडेनं गेलो. चिठ्ठीत लिहिलं होतं झाकू नये, तर झाकली नाही, पण मान खाली. बंदुकीचा पट्टा खांद्याला काचत होता, दर खड्ड्याला लाकडी दस्ता पाठीला लागत होता. असं वाटत होतं की समोरून येणारा प्रत्येक माणूस आता ओरडणार. आणि मग दौंडचा बाजार आला.

तिथं काय झालं ते मला सांगितलंच पाहिजे. रस्ता गच्च. हातगाड्या, रिक्षा, स्टेशनकडं पळणारी माणसं. मी घंटी वाजवली आणि रस्ता झाला! केळीवाल्यानं गाडी मागं ओढली. दोन बुलेटवाली पोरं बाजूला झाली. एक म्हातारा म्हणाला, “जाऊ द्या साहेबांना.” साहेबांना! मला! इकडं आल्यापासून मला लोक ‘ए’ म्हणत होते, ‘तू कुठला’ म्हणत होते, ‘बाजूला हो’ म्हणत होते. माझ्यासाठी रस्ता पहिल्यांदा झाला. माझी मान आपोआप वर गेली. घंटी मी गरज नसतानाही वाजवली, खोटं कशाला बोलू.

चाचांनी बंदूक बघून मला ओळखलं, म्हणजे आबांचं माणूस म्हणून. तासाभरात स्प्रिंग बसवली. निघताना त्यांनी खुंटीवरचं एक जुनं रेक्झिनचं लांब कव्हर काढलं. “बेटा, ये डालके ले जा. आता उघडी न्यायची नाही, नियम बदलला. तुझ्या आबाला मी दहा वेळा सांगितलं, ऐकतच नाही. तू तरी ऐक.”

मी ऐकलं. बंदूक कव्हरात घातली, पाठीला लावली आणि निघालो. आणि दौंडच्या त्याच बाजारात तोच केळीवाला मला म्हणाला, “ए, दिसत न्हाई का? बाजूनं घे!”

शहराबाहेर बाभळीखाली मी थांबलो. इकडं तिकडं बघितलं. कव्हर काढलं, गुंडाळून कॅरिअरला दाबलं, बंदूक उघडी खांद्यावर घेतली. नियम माहीत असून काढलं. चिठ्ठीमुळं काढलं नाही, आबांच्या शब्दामुळं काढलं नाही. परत कुणीतरी साहेब म्हणावं म्हणून काढलं. आणि काय सांगू, वारा लागत होता, उतार होता, कारखान्याकडं चाललेल्या ट्रॅक्टरवरची माणसं वळून वळून बघत होती, आणि मी चक्क गाणं म्हणत होतो!

गाणं म्हणत म्हणत मी नाकाबंदीत शिरलो.

“उतर,” हवालदार म्हणाले. अंगावर ओरडले नाहीत, त्यामुळं मी जास्तच घाबरलो. “बंदूक कुणाची?”

“आबांची.”

“तू कोण?”

“आबांचा... भाडेकरू.”

“गाव?”

“किनवट.”

दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं. परगावचा पोरगा, दुसऱ्याची बंदूक, उघडी, सायकलवर. झेरॉक्स वाचली, नाव माझं नव्हतं. मी फोनमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला. साहेब आले, खांद्यावर दोन चांदण्या असलेले, वयानं तरुण. फोटो मोठा करून बघितला. “फोटो कुणीही काढतो. मूळ चिठ्ठी?”

“डब्यात आहे.”

“कसल्या डब्यात?”

“बिस्किटाच्या. पिठाच्या पिंपामागं.”

हवालदार तोंडावर हात ठेवून दुसरीकडं बघायला लागले. साहेब हसले नाहीत. “मूळ चिठ्ठी येईपर्यंत ठाण्यात बस. नाही आली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा. कळतंय का तुला?”

मला फार चांगलं कळत होतं. ‘नाही’ लिहिलेला तो कागद माझ्या डोळ्यांपुढं आला. आबांच्या शेजारच्या दुकानाचा नंबर दिला. हवालदारांनी फोन लावला. ठाण्यात नेल्यावर मी बाकावर बसलो. बंदूक समोर टेबलावर, तिचे लाल बोळे माझ्याकडं बघत होते.

तीन तास! तीन तास मी फक्त दाराकडं बघत होतो. जीप येईल, कुणाची मोटारसायकल येईल. आणि बाहेरून घंटी आली. आबांचीच पद्धत, दोन लांब आणि एक तुटक. पण सायकल त्यांची तर माझ्याकडं होती. मी खिडकीतून बघितलं. शेजारच्या पोरीची शाळेची गुलाबी सायकल, पुढं टोपली, टोपलीत माझा बिस्किटाचा डबा. त्यावर हेल्मेट, पट्टीवर काळा चष्मा, धुळीनं पांढरे झालेले आबा! वळताना त्यांनी हात बाहेर काढून दाखवला.

“आबा, डोळा!” मी ओरडलो.

“डोळा दुसरा हाय,” आबा म्हणाले आणि आत आले. डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. उघडला. माझा दाखला, माझं आधार कार्ड, एकेक कागद नीट बाजूला केला आणि चिठ्ठी काढली.

साहेबांनी मोठ्यानं वाचली. “‘सदर तरुण माझ्या ओळखीचा व विश्वासाचा असून माझी बंदूक दुरुस्तीसाठी दौंड येथे नेण्यास मी त्यास लेखी अधिकार देत आहे. बंदूक रिकामी आहे. बंदूक झाकू नये, लपवू नये.’” ते थांबले. “आबा, पहिल्या भागानं पोरगा सुटला. मालकाच्या लेखी परवानगीनं दुरुस्तीला नेता येतं. पण ह्या शेवटच्या ओळीचं काय करू?”

“का? बरोबर हाय की ती.”

“नाही. लांब बंदूक सार्वजनिक ठिकाणी पूर्ण झाकलेली पाहिजे, आणि नेणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. तसा नियम आहे.”

“सायकलवर बी?”

“सायकलवर, बैलगाडीवर, विमानात. उघडी नाही.”

आबांनी पिवळ्या पानांचं पुस्तक काढलं. “ह्यात न्हाई.”

“हे पुस्तक कधीचं?”

“नोकरीला लागलो तवाचं.”

“नियम त्यानंतरचा आहे, आबा.” साहेबांनी फोनवर तो काढून त्यांच्यापुढं धरला. आबांनी एका डोळ्यानं वाचला. सगळा वाचला. वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून वाचला.  मग पुस्तक मिटून खिशात ठेवलं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“उघडी नेली त्याचा अहवाल करावा लागेल. कुणाच्या तरी नावावर.” साहेबांना आतून हाक आली, ते उठून गेले.

ठाण्यातले दुसरे एक हवालदार आबांच्या जवळ सरकले. ते आमच्याच बाजूचे, आबांना ओळखणारे. हळू आवाजात म्हणाले, “आबा, इतक्या वर्षांत तुमच्या परवान्यावर डाग न्हाई. अहवाल तुमच्या नावानं गेला तर परवाना जाईल, दारावरची नोकरी जाईल. दुसरी चिठ्ठी लिवा की. तीच, फक्त शेवटची ओळ गाळा. मंग उघडी नेली ती ह्यानं मनानं नेली. पोरगं परमुलखातलं, तरणं हाय. काय हुतंय त्याला? सुटंल.”

मला काय होणार होतं ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. आबांनीच माझ्याकडून तीन वेळा ‘नाही’ लिहून घेतलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि बोललो काहीच नाही. हवालदारांनी कोरा कागद पुढं केला, पेनाचं टोपण काढून दिलं.

आबांनी कागद परत सरकवला. “लिवलंय ते लिवलंय.”

“आबा, इचार करा.”

“केला. ती ओळ माझ्या हातची हाय.”

साहेब परत आले. त्यांची नजर बाहेर उभ्या काळ्या सायकलकडं गेली. “एक मिनिट. कॅरिअरला ते काय आहे?”

हवालदारांनी कव्हर आणून टेबलावर पसरलं. बंदुकीच्याच मापाचं.  चिठ्ठीनं मला वाचवलं होतं. हे कव्हर मला बुडवणार होतं. कव्हर जवळ असून बंदूक उघडी, म्हणजे नियम माहीत होता, म्हणजे मुद्दाम.

“हे कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

आबांनी काळा चष्मा वर केला आणि कव्हराकडं बघितलं. ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण त्यांनी एकदाच बघितलं.

“माझं हाय,” ते म्हणाले.

“मग घातलं का नाही?”

“मीच सांगितलं, घालू नगंस म्हणून.”

जो माणूस छत्रीची काडी आधीच वाकडी होती हेसुद्धा लिहून ठेवायचा, त्याला मी तेव्हा खोटं बोलताना ऐकलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. साहेबांनी जबाब लिहिला, आबांनी वाचला, मागची बाजूही वाचली, आणि सही केली. बंदूक ठाण्यातच राहिली. तिला सोडून येताना त्यांनी बोळे नीट दाबून बसवले.

येताना मी काळी सायकल हातात धरून चालत होतो आणि आबा शेजारी गुलाबी सायकल घेऊन. चढाला कुणीच बसलं नाही. मला रडू फुटत होतं आणि माफी कुठून मागायची ते कळत नव्हतं. दोन किलोमीटर असेच गेले. मग आबा म्हणाले,

“मजा आली का रं?”

मी घाबरून गेलो. “कशाची?”

“उघडी घेऊन यायला.”

खोटं बोलायला तोंडच राहिलं नव्हतं. “हो आबा. लई.”

“मलाबी रोज यायची,” आबा म्हणाले, आणि त्या धुळकट तोंडानं इतके हसले की पट्टी सुटली. “पुस्तकात बघून काय कुणी बंदूक खांद्याला लावतं व्हय? लोकं बघायची. कोण चाललंय म्हणायची. तेवढं बास हुतं.” मग घाईघाईनं म्हणाले, “आजीला सांगू नगंस.”

डोळा पंधरा दिवस लाल राहिला. डॉक्टरनं आबांना आणि आजीनं मला, दोघांनाही सोलून काढलं. डोळा वाचला. माझा दाखला आला, ‘नाही’ तसंच राहिलं, मी रांजणगावला लागलो. आबांचा परवाना मात्र स्थगित झाला, आणि पतसंस्थेच्या दारावर आता एजन्सीचा निळ्या शर्टातला माणूस उभा असतो. मी सुट्टीला गेलो की दिसतं, आबा अजून बरोबर नऊला क्लिपा लावून निघतात, नदीपर्यंत जातात आणि परत येतात. उजवा खांदा सवयीनं खाली झुकलेला असतो आणि त्यावर काही नसतं. पुण्याहून नोटीस आली आहे, परवाना कायमचा रद्द का करू नये ते सांगा म्हणून. कोर्टाजवळच्या लेखनिकानं पुन्हा तेच सुचवलं, पोरानं परस्पर उघडी नेली असं लिहा. आबांनी त्याच्या टेबलावरून आपली नोटीस उचलली आणि उठून आले.

मी अजून ट्रेनी आहे. पक्की ऑर्डर मिळाली की मग सगळं खरं सांगू, असं मी बरेच दिवस मनाशी म्हणत होतो. पण ऑर्डर मिळाल्यावर ती जायची भीती वाटेल, मी स्वतःला ओळखतो. म्हणून इथं लिहून ठेवतो, आबा, कारण लिहिलेलं फिरवता येत नाही हे मी तुमच्याकडूनच शिकलो. आबा, कव्हर चाचांचं होतं. नियम मला चाचांनी सांगितला होता. परतीच्या वाटेवर ते मी काढलं, माझ्या हातानं, माझ्या हौसेनं. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मी रजा टाकून पुण्याला येईन, तिथल्या साहेबांपुढं उभा राहीन, हे सगळं सांगेन आणि खाली सही करीन. नोकरी राहिली तरी येईन, गेली तरी येईन.